दाराखालचे सात चमचे

१

कुलूपवाल्यांनी बोलणं टाकलं, त्याला सोमवारी नऊ दिवस झाले. दिलेलं खात होते, औषधाला तोंड उघडत होते, पण शब्द म्हणून एक बाहेर येत नव्हता. पक्षाघातानं गेलेली वाचा परत मिळवायला माणसाला थोडेच महिने असतात. त्यातले नऊ दिवस भिंतीकडे बघण्यात गेले होते.

"अजून पंधरा दिवस असेच गेले, तर माझ्या हातात काही राहणार नाही," बाई म्हणाल्या. बाई म्हणजे पक्षाघात झालेल्यांच्या या केंद्रात बोलायला शिकवणाऱ्या बाई. गेल्या आठवड्यापर्यंत केंद्राचं पान त्यांच्याशिवाय हलत नव्हतं. आता त्या संचालकांच्या टेबलासमोर उभ्या होत्या, आणि शेजारी रिकामी खुर्ची असूनही त्यांना कुणी बसा म्हटलं नव्हतं.

"बाई, आधी बसा," पोस्टकाका म्हणाले. "उभं राहिलं की जास्त खरं बोलता येतं असं काही नाही."

पोस्टकाकांनी टपालखात्यात तीस वर्षं काढली, पण एकाही दारात पत्र टाकलं नाही. ते बसायचे बेवारस पत्रांच्या खोलीत. पत्ता पुसलेली, भिजलेली, नुसतंच 'ताईस' लिहिलेली पत्रं तिथं यायची. पत्र फोडायचं, वाचायचं, घर शोधायचं आणि वाचलेलं विसरून जायचं. पहिली तीन कामं खात्यानं शिकवली होती. चौथं ते आपलं आपण शिकले. निवृत्तीनंतर केंद्राच्या विश्वस्तांनी त्यांना तक्रारी बघायला नेमलं होतं. तक्रारी म्हणजे आजवर भाजीत मीठ नाही इतपतच.

आजची तक्रार एका पानाची होती. टाइप केलेलं, कोरं करकरीत, कुठं घडी नाही की डाग नाही.

*मी दाराला बाहेरून कुलूप लावायचो. ——— पळायची ना… जिन्यावरून. तीन वर्षांची. तिच्या आईला विचारूनच… लावायचो. त्या दिवशी उशीर झाला. एका माणसाचं कुलूप… अडलं होतं. घरी आलो तर दाराबाहेर… चमचे. सात. ——— नं दाराखालून एकेक… सरकवलेले. कुणीतरी बघावं म्हणून. कुणी… बघितलं नाही. आत तिची आई… गार. ——— तिला बिलगून झोपलेली. मी सगळ्या गावाची कुलपं… उघडली.*

हे कुलूपवाल्यांनी केंद्राच्या यंत्राला सांगितलं होतं. हे सोबती नावाचं यंत्र माणसाशी मायेनं बोलायचं, अडखळणाऱ्याची वाट बघायचं, न कंटाळता पुन्हा विचारायचं. त्याच्या खोलीच्या दारावर पाटी होती: 'इथे बोललेलं इथेच राहतं.'

आणि हेच पान कुलूपवाल्यांच्या लेकीला आपल्या दाराखाली मिळालं होतं. आई दवाखान्यात वारली, एवढंच तिला जन्मभर माहीत. ती तशीच धावत केंद्रात आली आणि बापासमोर पान धरून म्हणाली, "बाबा, हे खरं आहे?" कुलूपवाल्यांनी पान वाचलं. चांगला हात उचलून यंत्राच्या खोलीकडे बोट दाखवलं. मग भिंतीकडे तोंड केलं, ते आजपर्यंत.

"त्या खोलीतलं बोलणं ऐकू शकणारे तीनच," संचालक म्हणाले. "बाई, यंत्र सांभाळणारा आणि स्वतः यंत्र. यंत्राला काही पाय नाहीत, कुणाच्या दारात पान टाकायला. आणि यंत्रवाला त्या आठवड्यात रजेवर होता."

सगळ्यांच्या नजरा बाईंकडे वळल्या.

२

पोस्टकाकांना त्या खोलीची ओळख जुनी होती. दोन वर्षांपूर्वी त्यांची बायको तिथंच बोलायला शिकली होती. देवाघरी जायच्या आधी तिनं दहा शब्द परत मिळवले. ती आत सोबतीशी बोलायची आणि हे बाहेर बाकावर बसायचे. आत काय बोलतेस, हे त्यांनी कधी विचारलं नाही. चाळीस वर्षांच्या संसारातसुद्धा एखादा कोपरा झाकलेला असावा, असं त्यांचं मत होतं. आता मात्र ती पाटी दिसली, की ते नजर वळवून पुढं जात.

त्यांनी सुरुवात केली ती शेजारच्या खाटेपासून. तिथल्या पेशंटला सगळे रेडिओ म्हणत. त्याची वाचा गेली तेव्हा त्याच्या घरच्यांना पंधरा दिवस विश्रांती मिळाली, असा विनोद खुद्द तोच करायचा.

"मला माहीत असतं, तर आख्ख्या केंद्राला कळलं नसतं का?" रेडिओ म्हणाला. "माझ्यावर कसला संशय घेता? माझ्या पोटात तीळ भिजत नाही, विचारा कुणालाही."

हे मात्र खरं होतं. जो माणूस सगळ्यांना सांगतो, तो गुपचूप एकाच्याच दारात पान टाकत नाही.

"पण ते मला एकदा म्हणाले होते," रेडिओ हळू आवाजात म्हणाला, "यंत्र बरं. माणसाला सांगितलं, की तो नंतर आपल्याकडे वेगळं बघतो. याला पोट आहे, तोंड नाही."

बाई आपल्या खोलीत खोकी भरत होत्या. कुणी काढून टाकायच्या आधी आपणच निघावं, एवढा मानी स्वभाव.

"मी काचेबाहेर बसते, काका. आवाज नीट येतोय ना, एवढं पहिली पाच मिनिटं ऐकते आणि कानावरचं काढून ठेवते. तुमचा विश्वास बसणार नाही."

"माझा बसतो. मीही तीस वर्षं लोकांची पत्रं वाचली, माझ्यावरही बसत नव्हता." त्यांनी पान पुढं केलं. "हे वाचून पहिल्यांदा काय वाटलं?"

बाईंनी पान पुन्हा वाचलं. "लाज वाटते सांगायला. पहिल्यांदा वाटलं, किती नीट लिहिलंय. त्यांचं बोलणं मलासुद्धा एका फटक्यात कळत नाही. आणि हे बघा, ते जिथं श्वासाला थांबतात, बरोब्बर तिथं टिंबं दिलीत. ज्यानं लिहिलंय, त्याला त्यांचं बोलणं माझ्याहून जास्त कळतं."

"हे दुसऱ्या कुणापुढं बोलू नका. तुमच्यावरच उलटेल."

"माहितीय." बाई कसनुशा हसल्या. "आणखी एक. लेकीला ते खिट्टी म्हणतात. त्या पाच मिनिटांत खिट्टी दहादा तरी येते. खिट्टी आली होती, खिट्टी रागावली. इथं मात्र जिथं जिथं ती यायला हवी, तिथं रेघ आहे."

पोस्टकाकांनी चष्मा पुसला, परत लावला आणि त्या तीन रेघांकडे बराच वेळ बघत राहिले. बाईंनी पान चोरलं असतं, तर त्यांनी खिट्टीच्याच दारात टाकायच्या पानावर खिट्टीचं नाव कशाला झाकलं असतं?

३

यंत्रवाला रजेवरून परतला होता. तिशीतला, सरळमार्गी, आणि खोटं बोलायची सवय नसल्यामुळे खोटं बोलताना कान लाल होणारा.

"रोज संध्याकाळी सगळं बोलणं पुसलं जातं," तो म्हणाला. "मी नसलो तरी आपोआप."

"सगळं?"

"सगळं."

कान लाल झाले. पोस्टकाका त्याच्यासमोर स्टूल ओढून बसले. त्यांना घाई नव्हती. घाई करून एकही पत्र घरी पोचत नाही.

"खात्यात आमच्याकडे फाटलेली पत्रं यायची," ते म्हणाले. "फाटकी कड बघितली, की पत्र यंत्रात अडकून फाटलं की हातानं, ते कळायचं. या पानावरच्या रेघा तशाच आहेत. नावांवर तेवढ्या आल्यात. चमच्यांवर नाहीत, कुलपावर नाही, जिन्यावर नाही. समजून उमजून झाकणारा माणूस आधी कुलूप झाकेल, कारण इथं कुलूपवाले एकच. नावंच तेवढी शोधून पुसायची, आणि बाकी सगळं उघडं ठेवायचं, हे माणसाचं काम नाही. हे तुझ्या यंत्राचं आहे. आणि घरातल्या घरात नावं पुसायची गरजच काय? म्हणजे कुठंतरी बाहेर जाताना पुसतात."

यंत्रवाल्यानं मान खाली घातली.

"विसातलं एक बोलणं बाहेर जातं," तो शेवटी म्हणाला. "यंत्र सुधारायला. त्याला जे ऐकू आलं ते बरोबर होतं का, हे तपासायला. नाव आलं की तिथं कुई वाजते, आवाजही बदललेला असतो. संचालकांची परवानगी आहे. पेशंटचीही सही असते. अर्जाच्या अकराव्या पानावर."

"कुलूपवाल्यांनी अकरावं पान वाचलं होतं?"

"तेव्हा त्यांना वाचता येत नव्हतं, काका. झटका ताजा होता. डाव्या हातानं एक रेघ ओढली, तीच सही."

"आणि बाहेर ते तपासतं कोण? दुसरं यंत्र?"

"नाही." त्यानं वर बघितलं. "माणसं. आपापल्या घरी बसून ऐकतात. कुठली, कोण, मलाही माहीत नाही."

म्हणजे पाटी खोटी होती. पोस्टकाकांना बाकावर बसलेले आपले ते महिने आठवले.

पण कोडं तर आणखीच अवघड झालं. बाहेरच्या कुणाला तरी ते पान मिळालं, ठीक. त्यावर ना नाव, ना गाव. मग तो बरोब्बर कुलूपवाल्यांच्या लेकीच्या दारात कसा पोचला?

पोस्टकाकांनी तीस वर्षं हेच तर केलं होतं. नाव नसलेल्या पत्राचं घर सापडायला एक खूण पुरते. फक्त ती खूण ओळखणारा माणूस भेटावा लागतो.

ते उठले आणि लेकीचा पत्ता मागून घेतला.

४

घर तिसऱ्या मजल्यावर होतं. घंटा वाजवायच्या आधी पोस्टकाका गुडघ्यांना शिव्या देत खाली वाकले. दाराच्या खालच्या कडेला पितळेची पट्टी होती, फरशीला अगदी टेकलेली. त्यांनी खिशातलं बसचं तिकीट सरकवून बघितलं. आत जाईना. दुसऱ्या बाजूनं बघितलं, तरी जाईना.

लेकीनं दार उघडलं तेव्हा ते तसेच वाकलेले होते.

"काही पडलं का, काका?"

"वय," पोस्टकाका म्हणाले. "उचलून घ्या जरा."

तिनं हात देऊन उठवलं, चहा ठेवला. चाळिशीची बाई, डोळ्यांखाली काळं. टेबलावर कॉम्प्युटर होता, कानावर लावायचा हेडफोन होता, त्याचा मऊ कापूस झिजून उसवला होता. टेबलाखाली पायानं दाबायची पट्टी होती.

"शिवणकाम?" पट्टीकडे बघत पोस्टकाकांनी विचारलं.

"टायपिंग," ती घाईनं म्हणाली.

"आणि दाराची ती पितळी पट्टी कुणी बसवली?"

"बाबांनी. आम्ही जिथं जिथं राहिलो, तिथं त्यांचं पहिलं काम तेच. उंदीर येतात म्हणायचे." ती थांबली. त्या पट्टीचा खरा अर्थ तिला त्या क्षणी लागला असावा. तिनं दाराकडे बघितलं, आणि हातातला कप खाली ठेवला.

पोस्टकाकांना पुढचं बोलायचं जिवावर आलं होतं. पण तिकडे एक माणूस मुका होत चालला होता आणि एक बाई खोकी भरत होती.

"पोरी, या दाराखालून बसचं तिकीट जात नाही. पान कसं आलं? बरं, त्या पानाला घडी नाही, धूळ नाही. ते कुणाच्या दारातून आलेलंच नाही. इथंच निघालंय. त्यावर नाव नव्हतं, तरी वाचताक्षणी तुला ते बाबांचं कसं कळलं? आणि त्यांचा थांबलेला श्वास न् श्वास ओळखून लिहिणारं माणूस कोण? बाई म्हणतात, त्यांच्यापेक्षा जास्त कळणारं. महिनोन् महिने ज्यानं ते बोलणं कान देऊन ऐकलंय, तेच."

तिनं टेबलाखालची पट्टी पायानं आत ढकलली.

"बाबांना झटका आला, त्यानंतर मी हे काम धरलं," ती म्हणाली. "घरबसल्या. बोलणं पायानं थांबवत थांबवत ऐकायचं आणि यंत्रानं लिहिलेलं दुरुस्त करायचं. अडखळणारं बोलणं मला चांगलं कळतं, बाबांमुळं सवय झालेली. म्हणून तसल्याच फायली माझ्याकडे यायला लागल्या. तसलं काम करणारे आम्ही मोजकेच आहोत. कुणाचं असतं, कुठलं असतं, कळत नाही. आवाज बदललेला असतो. मी अर्धा तास ऐकत होते, काका. वाटलं, कोण बिचारा. डोळे पुसत टाइप करत होते." तिनं हेडफोन बाजूला सारला. "मग चमचे आले."

"चमच्यांची गोष्ट तुला माहीत होती?"

"माझी सगळ्यात आवडती गोष्ट होती ती! बाबाच सांगायचे. आमची खिट्टी एवढी द्वाड, की एकदा घरातले सातच्या सात चमचे दाराखालून बाहेर! कितीदा हसलोय आम्ही. माझ्या मुलांना सांगितलीय मी, हसत हसत. आणि बाबा समोर बसून हसायचे, काका. दर वेळी हसायचे."

पोस्टकाकांनी खिडकीकडे तोंड वळवलं.

"फाइल संपल्यावर काय केलंस?"

"नीट झालं, असं बटण असतं. ते दाबलं. लगेच पुढची फाइल आली." तिनं पदरानं तोंड पुसलं. "मग आठवून आठवून सगळं परत लिहून काढलं. बाबांना विचारायचंच होतं. पण हे काम करते असं कुठं बोलायचं नाही, तशी सही घेतात. म्हणून दाराखाली मिळालं म्हटलं. कुठून सुचलं कोण जाणे."

"आणि स्वतःच्या नावाच्या जागी रेघ मारलीस."

तिनं चमकून पानाकडे बघितलं. "कुई वाजली की रेघ. हाताला सवय आहे. लक्षातच आलं नाही माझ्या."

"बाईंवर आळ आलाय, हे कळलं होतं?"

"कळलं होतं," ती म्हणाली. "गप्प बसले."

५

संचालकांनी शेवटपर्यंत किल्ला लढवला. "पण आपण नावं पुसतो! नाव नाही, आवाज नाही, मग त्यात माणूस उरतोच कुठं?"

"चमच्यांत उरतो, साहेब," पोस्टकाका म्हणाले. "नाव तर काय, दहाजणांचं एकच असतं. माणूस ओळखू येतो तो असल्या गोष्टींवरून. नशीब म्हणा की दुर्दैव, ऐकणारी त्यांची लेक निघाली. शेजारी निघाला असता, तर आपल्याला पत्तासुद्धा लागला नसता. पान लेकीनं केलं, पण गुपित तिनं फोडलेलं नाही. ते आपण फोडलं. अकराव्या पानावर."

संचालक वाईट माणूस नव्हते. यंत्र सुधारलं तर पुढच्या पेशंटचं भलं होईल, असं त्यांना मनापासून वाटत होतं. फक्त ज्यांचं बोलणं, त्यांना नीट विचारायचं राहून गेलं होतं. त्यांनी बाईंच्या खोलीत जाऊन माफी मागितली आणि खोकी स्वतः उघडायला लागले. बाहेर जाणारं बोलणं त्याच दिवशी बंद झालं. यंत्रवाल्यानं स्क्रूड्रायव्हरनं ती पाटी काढली. भिंतीवर तिच्या जागी चार भोकं राहिली.

"काका," पाटी काखेत धरून तो म्हणाला, "कुणाकुणाचं बाहेर गेलं, त्याची यादी आहे. काकूंचं… बघू का?"

बोलणं बाहेर जातं हे कळल्यापासून पोस्टकाका याच प्रश्नाला भीत होते.

"बघ."

तो बघून आला. कान लाल होते. "एक गेलंय. एकच. कुणी ऐकलं, ते मात्र कळणार नाही."

दहा शब्दांतले कुठले असतील? त्यांचं नाव त्यांत असेल, तर तिथं नुसती कुई वाजली असेल. जे त्यांनी नवरा असून कधी विचारलं नाही, ते कुण्या अनोळखी माणसानं चहा पीत ऐकलं होतं. पोस्टकाका जुन्या बाकावर बसले आणि थोडं रडले. आपण जशी हजारो पत्रं वाचून विसरलो, तसा तोही विसरला असू दे, एवढंच त्यांनी मागितलं. कुणाकडे मागितलं, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

मग ते कुलूपवाल्यांकडे गेले. रेडिओला त्यांनी आधीच बाहेर फिरायला पाठवलं होतं.

"तुम्हाला सगळं कळायचा हक्क आहे, म्हणून सांगतो," भिंतीकडे वळलेल्या पाठीला ते म्हणाले, आणि काहीही न लपवता सांगितलं. पाटी खोटी होती, हेही. "आख्ख्या जगानं ऐकलं असं तुम्हाला वाटत असेल. ऐकणारी एकच होती. आणि समोरचा माणूस कोण, हे कळायच्या आधीच ती त्याच्यासाठी रडत होती."

पाठ हलली नाही. पण श्वास बदलला.

लेक दारात उभी होती. हातात पिशवी. तिनं स्टूल ओढलं, बापाच्या आणि भिंतीच्या मधल्या चिंचोळ्या जागेत कशीबशी बसली आणि पिशवीतून एक जुना चमचा काढला. चादरीवर ठेवून त्यांच्या हाताकडे सरकवला. मग दुसरा, मग तिसरा. घाई न करता, एकेक. कुलूपवाले चांगल्या हातानं प्रत्येक चमचा घेऊन छातीशी ठेवत होते.

सातवा सरकला तेव्हा त्यांचे ओठ हलले. इतके दिवस गंजलेला आवाज, त्याला बाहेर यायला वेळ लागला.

"उ… उशीर," ते म्हणाले. "उशीर… झाला. मला."

लेकीनं 'असू दे' म्हटलं नाही. असू देण्यासारखं ते नव्हतंच.

"मलाही, बाबा," ती म्हणाली, आणि चमच्यांसकट त्यांचा हात धरला.

पोस्टकाका पाय न वाजवता बाहेर आले. दार ओढून घेतलं, कडी मात्र लावली नाही. बाहेर बाई वही घेऊन उभ्या होत्या.

"आवाज आला," त्या कुजबुजल्या. "काय म्हणाले?"

"बोलले, बाई," पोस्टकाका म्हणाले. "काय ते त्यांचं त्यांना माहीत."

बाईंनी वही मिटली. दोघं बाकावर बसले आणि आत कुणी जाऊ नये म्हणून संध्याकाळपर्यंत तिथंच बसून राहिले.